पाडव्यापर्यंत टिकलेलं खोटं

मला छान खोटं बोलता येतं, याचा मला अकरा दिवस चक्क अभिमान होता.

आशयच्या प्लांटमध्ये वाफेची लाइन फुटली तेव्हा शाळांना दिवाळीची सुट्टी लागायला चार दिवस होते. माझा नवरा ओमानला सहा महिन्यांच्या कंत्राटावर गेला होता. धनत्रयोदशीला घरी यायचा होता, तिकीटही काढून झालं होतं. मी घरी बसून सहावीच्या गणिताच्या वह्या तपासत होते, तेवढ्यात त्याच्या सुपरवायझरचा फोन आला. डावा गाल, मान आणि दोन्ही हात भाजले होते. जिवाला धोका नाही असं तो तीनदा म्हणाला, आणि तीनदा म्हणाला म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी आशय स्वतः बोलला. हात पट्ट्यांत गुंडाळलेले, म्हणून वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरने स्वतःचा फोन त्याच्या कानाशी धरला होता. घशात वाफ गेल्यामुळे आवाज इतका बदलला होता की मी आधी "कोण बोलतंय?" असंच विचारलं.

"मुलांना काही सांगू नकोस," तो म्हणाला. "दिवाळी नीट होऊ दे त्यांची. पट्ट्या निघाल्या की मी सांगेन. आणि व्हिडिओ नको, निरू. अजिबात नको."

मी वचन दिलं. माझा पासपोर्ट मे महिन्यातच संपलेला, नवा हातात यायला पंधरा दिवस तरी लागणार होते. तिकडे जाऊन त्याच्या उशाशी बसता येत नव्हतं, तर निदान वचन तरी द्यावं, असं मला वाटलं.

मग मी कामाला लागले. बाबाचं काम वाढलंय, त्यामुळे तो दिवाळीला येणार नाही. बाबाचा फोन पाण्यात पडला, म्हणून दुसऱ्या नंबरवरून फोन येतो. बाबाला सर्दी झालीय, म्हणून आवाज तसा येतो. आणि तिकडे सध्या व्हिडिओ लागत नाहीत. पुण्याला धाकट्या दिरांकडे असलेल्या सासूबाईंनाही मी हेच सांगितलं. पाच वर्षांच्या तन्मयने फक्त, बाबा रिमोटचं विमान नंतर आणेल ना, एवढी खात्री करून घेतली. नऊ वर्षांच्या रसिकाने काहीच विचारलं नाही. भेंडीची भाजी का केली यावर पाच प्रश्न विचारणारी मुलगी गप्प बसली, तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

आमच्याकडे बडोद्यात दिवाळीची सुट्टी चांगली एकवीस दिवसांची असते, आणि एकट्या बाईला ती त्याहून मोठी वाटते. छाणीतली आमची सोसायटी सुट्टी लागताच निम्मी रिकामी झाली. कुणी अबूला गेलं, कुणी दीवला. मी चकल्या तळल्या, करंज्यांच्या कडा दुमडल्या, आकाशकंदील लावला, खंडेराव मार्केटमधून कारीट शोधून आणलं. हे सगळं दर वर्षी करायचे त्याहून जास्तच केलं, कारण हात रिकामे राहिले की मला तो बदललेला आवाज ऐकू यायचा. रडू आलंच तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा, दोन मिनिटांत आवरून बाहेर यायचं. या व्यवस्थेचंही मला कौतुक होतं.

आणि रसिका एकदम शहाणी झाली. पार्किंगच्या कोपऱ्यात दर वर्षी बाबा मुलांबरोबर किल्ला करतो. सोसायटीतली गुजराती मुलं आधी नुसती बघत उभी राहतात आणि मग कोपरापर्यंत चिखलात हात घालतात. यंदा तो किल्ला तिने एकटीने उभा केला. दगड कुठे, पोतं कुठे, पाणी किती, हे तन्मयला अगदी बाबासारखं समजावून सांगत होती. नरक चतुर्दशीला पहाटे मी उटणं कालवत होते, तर ही तन्मयला उठवून दारात घेऊन गेली, कारीट त्याच्या पायाखाली ठेवलं आणि "गोविंदा, गोविंदा" म्हणून त्याच्याबरोबर ओरडली. ते दर वर्षी आशय करायचा. स्वतःच्या वाट्याच्या फुलबाज्याही तिने भावाला देऊन टाकल्या. नव्या कपड्यांचं विचारलं तर म्हणाली, "मला नकोत. तुझ्यासाठी घे."

फक्त बाबाचा फोन आला की ती नाहीशी व्हायची. कधी अंघोळीला जायची, कधी खाली किल्ल्यावर पाणी मारायला. एकदा मी बळेच फोन तिच्या कानाला लावला. तिने तो एक क्षण ऐकला आणि विस्तवाला हात लागल्यासारखा माझ्या हातात परत दिला. मी आशयला म्हटलं, "रुसलीय. तू आला नाहीस ना. आल्यावर काढ रुसवा." तो तिकडे हसायचा प्रयत्न करत होता, मला कळत होतं.

समोरच्या ज्योत्स्नाबेनना मी जिन्यात अडवून सांगितलं, "पोरगी किती समजूतदार झाली हो माझी." आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

पाडवा उजाडला. आपल्याकडे पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. इथे त्याच दिवशी गुजराती लोकांचं नवं वर्ष सुरू होतं, आणि सकाळपासून जो तो एकमेकांच्या घरी "साल मुबारक" करत फिरतो. दारं उघडी टाकून ठेवायची, रांगोळी काढायची, टेबलावर मुखवास आणि मिठाई मांडायची. दोन्हीकडचे रिवाज सांभाळायची आम्हा बडोदेकर मराठी बायकांना सवय असते. मी आठ वाजता दार उघडं टाकलं आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. ओवाळायचं तर नव्हतंच कुणाला. त्याचं वाईट वाटत होतं, पण कप किती काढायचे हे ठरवण्यात ते मी ढकलून दिलं.

बाहेरून ज्योत्स्नाबेनचा आवाज आला. "साल मुबारक, निरुबेन! साल..." आणि तो मध्येच थांबला.

मी हात पुसत बाहेर आले. ज्योत्स्नाबेन नव्या साडीत दाराच्या आत उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून. मला पाहताच त्यांनी पुढे येऊन मला मिठी मारली आणि त्या हुंदके देऊ लागल्या. "आ क्यारे थयुं? अमने कह्युं पण नहीं?" हे कधी झालं, आम्हाला कळवलंही नाही, असं त्या विचारत होत्या.

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की यांना भाजल्याचं सांगितलं कुणी? मग त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं.

भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा फोटो आहे. संपतराव, कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी गेले. त्या फोटोच्या खाली एक छोटं स्टूल ठेवलं होतं. स्टुलावर आशयचा फोटो होता, सिंधरोटच्या सहलीत काढलेला, दात दाखवून हसणारा. त्याला झेंडूचा हार घातला होता. काचेवर कपाळाच्या जागी चंदनाचं बोट होतं. पुढे उदबत्ती जळत होती. आणि बाजूला रसिका मांडी घालून बसली होती, शाळेतला पांढरा सलवार-कुडता घालून.

मी ज्योत्स्नाबेनना बाजूला केलं, हार ओढून तोडला आणि रसिकाच्या मुस्काटात मारली. मी आयुष्यात त्या मुलीवर हात उगारला नव्हता. सणाच्या दिवशी, उघड्या दारात, पाहुणीच्या समोर मी तिला मारलं.

"काय अभद्र केलंस हे? कुणी सांगितलं तुला हे करायला?"

ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ज्योत्स्नाबेनना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी डोळे पुसले, दारात उभ्या तन्मयचा हात धरला आणि "चाल बेटा, मठिया खावा" म्हणत त्याला आपल्या घरी नेलं.

मग रसिका म्हणाली, "मग कधी करायचं? तू तर सांगणारच नव्हतीस."

"काय सांगणार नव्हते?"

"बाबा गेला ते."

ती बोलत होती, अगदी शांतपणे, परीक्षेचं पाठ केलेलं उत्तर म्हणावं तशी. बाबाच्या नंबरवरून फोन येत नाही. जो माणूस बोलतो त्याचा आवाज बाबाचा नाही, तू कुणाला तरी बाबासारखं बोलायला सांगितलंयस, तन्मयला खरं वाटावं म्हणून. व्हिडिओ लागत नाही म्हणतेस, पण माझ्या वर्गातल्या कृपाची आत्या तिकडेच राहते, ती रोज व्हिडिओवर बोलते. तू नळ सोडून रडतेस.

"मला आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "सुट्टी लागली त्या दिवशी. पण तन्मयची दिवाळी होऊ दे म्हटलं."

आशयचेच शब्द. तिने ते ऐकलेले नव्हते, तिला ते आपोआप सुचले होते. नऊ वर्षांच्या पोरीने बाप मेला असं समजून किल्ला केला, कारीट फोडलं, फुलबाज्या वाटल्या आणि रात्री माझ्याशेजारी गपचूप झोपली. मी तिच्यासाठी खोटं बोलत होते, ती माझ्यासाठी खोटं वागत होती, आणि आम्ही दोघी एकमेकींना फसवण्यात फार हुशार निघालो होतो.

"मग आज का गं?" मी विचारलं.

"आज सगळे येतात. आजोबांच्या वेळी सगळे आले होते आणि तुझ्याजवळ बसले होते. मग तुला बाथरूममध्ये जावं लागलं नसतं."

मी तिला ओढून जवळ घेतलं. ती आली, पण लाकडासारखी ताठ. "बाबा जिवंत आहे, राणी," मी म्हटलं. "त्याला भाजलंय. दवाखान्यात आहे. तुझी शपथ."

"तू आतापर्यंत पण असंच सांगत होतीस," ती म्हणाली.

माझ्या शब्दाची किंमत मीच अकरा दिवसांत शून्य करून ठेवली होती, गणिताच्या बाईंनी. आता मी काहीही बोलले तरी ते त्या खोट्यांत भरच ठरलं असतं.

मी सिस्टरचा नंबर लावला, व्हिडिओवर. तिने फोन घेतला तेव्हा पडद्यावर फक्त छताचा पंखा दिसला, आणि आशयचा खरखरीत आवाज आला. "निरू, व्हिडिओ का? बंद कर. बंद कर आधी."

"नाही करणार."

"तू वचन दिलं होतंस मला."

"दिलं होतं. मोडतेय. रसिकाने तुझ्या फोटोला हार घातलाय, आशय. ती सुट्टीभर समजतेय की तू गेलास. माझ्या शपथेवर तिचा विश्वास नाही, तुझ्या आवाजावर नाही. चेहरा दाखव तिला."

पंखा फिरत राहिला. कुठेतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता तो फोन ठेवायला सांगेल, आणि मग मी काय करू? मग तो सिस्टरला इंग्रजीत काहीतरी हळू म्हणाला, आणि पडदा हलला.

मी स्वतः तो चेहरा पहिल्यांदाच बघत होते. उजवी बाजू आशयची होती. डावीकडे कानापासून ओठापर्यंत कातडी लाल, ओली, काही ठिकाणी पांढरट होती. भुवई नव्हती. मानेला पट्ट्या होत्या. मी आधी रसिकाचे डोळे झाकायला हात उचलला. तिने तो हात बाजूला सारला आणि फोन स्वतःकडे ओढून घेतला.

ती खूप वेळ बघत राहिली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"रसू," आशय म्हणाला. "भीती वाटते ना?"

"हस," ती म्हणाली.

"काय?"

"हस ना जरा."

तो हसला. एका बाजूनेच हसला, दुसरी बाजू हलेना. पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. तेव्हा रसिकाच्या तोंडून एक आवाज निघाला, जो मी तिच्या जन्मापासून कधी ऐकला नव्हता, आणि ती फोन छातीशी धरून रडू लागली. सुट्टीभर साठवलेलं रडणं होतं ते. पडद्यावर तिच्या कुडत्याखेरीज आता काही दिसत नसणार, पण पलीकडून तोही रडत होता, आणि सिस्टर त्याला इंग्रजीत सांगत होती, रडू नका, जखमेला मीठ लागेल.

बऱ्याच वेळाने रसिकाने फोन पुन्हा समोर धरला. "मला वाटलं तू मेलास," ती त्याला म्हणाली. "हे तर काहीच नाही, बाबा."



तिने बाहीने नाक पुसलं आणि उठली. "मी तन्मयला घेऊन येते."

"नको," आशय घाईने म्हणाला. "लहान आहे गं तो. घाबरेल. त्याला नंतर..."

"नाही घाबरणार," रसिका म्हणाली. "मी त्याला आधी सगळं सांगून आणते. सांगितलं नाही की घाबरतं माणूस."

फोन तिने माझ्या हातात दिला, चपला न घालताच समोरच्या दारात गेली आणि ज्योत्स्नाबेनना हाक मारली.