टोपी एक बोट वर

आदल्या संध्याकाळी बूट काढता काढता बाबा म्हणाले, "आज बेकरीवाल्याची पावती फाडली."

मी खिडकीपाशी प्रुफं वाचत होते. छापखान्यातलं काम उरलं की मी घरी आणते. मान वर न करता विचारलं, "कुठल्या?"

"आपल्या रोजच्याच. पावाची गाडी दवाखान्याच्या फाटकात लावली होती त्यानं. मागे ॲम्ब्युलन्स बोंबलतेय आणि हा आत गप्पा मारतोय."

"मग?"

"मग काय. तोंड एवढंसं झालं. म्हणाला, साहेब, रोज सलाम करतो तुम्हाला. मी म्हटलं, सलाम पोचला, आता ही पावती घे."

स्वतःच्याच विनोदावर ते थोडे हसले. बाबा वाहतूक शाखेत हवालदार होते आणि आमच्या पोलीस क्वार्टर्सपासून जवळच्या मोठ्या चौकात वर्षानुवर्षं उभे होते. गावभर त्यांचं नाव 'पावती' पडलं होतं. चौकातला न्हावी त्यांना येताना पाहून गिऱ्हाइकाला हळूच म्हणायचा, "पावती आली, सरळ बसा." ते बाबांना ठाऊक होतं. त्याच न्हाव्याकडे ते केस कापायला जायचे आणि मुकाट्यानं आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायचे. माझ्या मामालाही त्यांनी एकदा सोडलं नव्हतं. मामा त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे जेवला नाही.

"त्याला राग आला असेल," मी म्हटलं.

"येऊ दे की. मलाही आला होता. पण दंड चुकीएवढाच. रागाचं वेगळं कलम नसतं." मग माझ्या हातातल्या लाल पेनकडे बघून म्हणाले, "तू तरी काय करतेस? शब्दांच्या पावत्याच फाडतेस."

माझ्या चष्म्याची दांडी निखळत होती. मी ती पुन्हा पुन्हा दाबून बसवत होते. त्यांनी ते पाहिलं आणि हात पुढे केला. "दे इकडे. चौकातल्या घड्याळवाल्याकडून स्क्रू बसवून आणतो. संध्याकाळी मिळेल."

"चालेल. जुना आहे कपाटात."

एवढंच बोलणं झालं. मग आम्ही जेवलो. त्यांनी टोपी ब्रशनं साफ करून खुंटीला लावली आणि रेडिओवर बातम्या ऐकत बसल्या जागी डुलक्या घेतल्या. मी म्हटलं, "बाबा, आत जाऊन झोपा." ते म्हणाले, "जागाच आहे मी." हेही रोजचंच होतं.

आता थोडं आमच्या नियमाबद्दल सांगायला हवं.

मी शाळेत जायला लागले तेव्हा एकदा चौकात त्यांना पाहून "बाबा!" म्हणून ओरडत रस्त्यात धावले होते. एका स्कूटरनं करकचून ब्रेक दाबला. त्या दिवशी घरी ते रागावले नाहीत, फक्त मला समोर बसवून म्हणाले, "रस्त्यावर मी हवालदार. बाबा घरी. वर्दीत असलो की हाक मारायची नाही आणि मीही बोलणार नाही. नाहीतर उद्या सगळेच म्हणतील, यांना आपली माणसं आहेत, आम्हाला कोण?" आई तेव्हा होती. ती म्हणाली, "लहान आहे हो ती." त्यावर त्यांनी बराच विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वाट काढली. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले की ते टोपी एक बोट वर उचलायचे आणि परत बसवायचे. त्याचा अर्थ होता, पोचलीस का? मी उत्तर द्यायचं नव्हतं. मान हलवणंसुद्धा नव्हतं.

शाळा संपली, कॉलेज संपलं, आई गेली, मी छापखान्यात लागले. चौक तोच होता. माझ्या केसांत पांढरे दिसायला लागले तरी सकाळी मी पलीकडे पोचले की टोपी एक बोट वर जायची. मी पुस्तकांत प्रेमाची पुष्कळ वर्णनं वाचली आहेत आणि त्यातली बरीचशी दुरुस्तही केली आहेत. या एका बोटाएवढं नेमकं वर्णन माझ्या वाचनात आलं नाही.

त्या सकाळीही मी रस्ता ओलांडला. गाड्या थांबलेल्या होत्या, पावाची गाडी रांगेत सगळ्यांत पुढे होती. फुटपाथवर चढून मी वळले. त्यांनी टोपी उचलली. मी छापखान्याच्या गल्लीकडे तोंड केलं आणि मागून आवाज आला. त्या आवाजाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

दवाखान्यात त्यांच्या खिशातल्या वस्तू माझ्या हातात दिल्या. शिट्टी, रुमाल आणि माझा चष्मा. दांडी घट्ट बसलेली होती.

मानवंदनेला सगळा चौक लोटला. न्हावी ओक्साबोक्शी रडला. ज्यांनी त्यांना पाठीमागे शिव्या घातल्या होत्या तेही मान खाली घालून उभे होते. वर्तमानपत्रात फोटो आला, 'कर्तव्यकठोर' असा मथळा होता. मला एकच सारखं वाटत राहिलं, की जिवंतपणी एवढी माणसं थांबवायला त्यांना शिट्टी फुंकावी लागायची.

मग लोक घरी गेले आणि मीही घरी आले. क्वार्टर सोडायला मला मुदत मिळाली होती. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय जाईना, म्हणून मी चहाचं भांडंच बदललं. प्रुफं मोठ्यानं वाचायला लागले, कारण नाहीतर दिवसभरात घरात कुणाचाच आवाज निघत नव्हता. शेजारच्या वहिनी एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "कुणी आलंय का? बोलण्याचा आवाज येत होता." मी म्हटलं, "नाही, स्वल्पविराम बघत होते." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

बेकरीवाल्यावर खटला उभा राहिला तेव्हा जमादारकाका आले. ते बाबांबरोबर भरती झालेले, त्यांचे एकुलते एक मित्र. बाबांची खुर्ची रिकामी होती तरी ते स्टुलावर बसले.

"पोरी, केस पक्की आहे," ते म्हणाले. "चौकातला कॅमेरा नेहमीसारखा बंद, पण गाडी एकदम सुटली हे सगळ्यांनी पाहिलंय. आदल्या दिवशी पावती, दुसऱ्या दिवशी गाडी अंगावर. हा नुसता निष्काळजीपणा नाही, जाणूनबुजून केलेलं आहे. तू फक्त आदल्या संध्याकाळचं सांग. बाबा घरी येऊन काय म्हणाले ते."

"सांगेन. खरंच आहे ते."

"जन्माची अद्दल घडली पाहिजे त्याला. हल्ली कॉलर धरतात आमची, व्हिडिओ काढतात. वर्दीवर गाडी घातली तर काय होतं हे एकदा लोकांना दिसू दे. नाहीतर उद्या माझ्या अंगावर घालतील." मग ते एकदम हसले. "आणि त्याचा बचाव ऐकलास का? म्हणे, हवालदारसाहेब मला रोज टोपी उचलून खूण करायचे! म्हणजे तू नीघ, गाडी सोड! पाव गार होतो ना राजाचा! पावती कुणाला खुणा करून सोडेल? सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नाही त्यानं."

मी माझा कप खाली ठेवला. "कशी उचलायचे म्हणतो?"

"अशी." काकांच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्यांनी कपाळापाशी बोट नेऊन वर केलं. "एक बोटभर. आणि टोपी उचलली की साहेब एक पाऊल मागे सरायचे, मी शेजारून निघायचो, म्हणे. त्या दिवशी मात्र ते पुढे आले. काय थाप मारतोय बघ. म्हणे, काल पावती फाडली होती, म्हणून मी खाली मान घालून होतो. टोपी उचललेली दिसली, मला वाटलं कालचं मिटलं."

सगळ्यांत आधी मला जे वाटलं ते मी लिहून टाकते. मला मत्सर वाटला. ती खूण माझी होती. एवढ्या वर्षांत मला कधी वाटलंही नाही, की माझी पाठ वळल्यावर ती आणखी कुणाला मिळत असेल. पहाटेपासून पाव वाटत फिरणाऱ्या एका माणसाला बाबांनी ती दिली होती, आणि घरी कधी सांगितलं नव्हतं.

मग 'पुढे आले' हे शब्द माझ्या डोक्यात शिरले. पुढे म्हणजे माझ्या बाजूला. सकाळी सकाळी घड्याळवाल्याचं दार वाजवून त्यांनी स्क्रू बसवून घेतला होता. संध्याकाळपर्यंत त्यांना धीर निघाला नव्हता. वर्दीत, चौकात, ते मला चष्मा द्यायला निघाले होते. नियम त्यांनी केला आणि मोडलाही त्यांनीच. मी मात्र तो पाळून पाठ फिरवली होती.

"काका," मी म्हटलं, "ते टोपी उचलायचे."

"कुणाला?"

"मला. रोज. त्या दिवशीही."

काका स्टुलावर पुढे सरकले. "तुझी गोष्ट वेगळी. तू मुलगी."

"त्या माणसाला तेवढं कसं कळणार? त्याला टोपी दिसली."

"हे बघ, कोर्टात हे कुणी विचारणार नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नसतं." त्यांचा आवाज खाली आला. "त्याच्याकडे दुसरं होतं काय गं? घर नाही, बढती नाही. कुणाला सवलत नाही, एवढं एकच नाव त्यानं कमावलं. ते तू भर कोर्टात घालवणार? खुणा करून गाड्या सोडायचा, असं लिहितील. त्या पाववाल्यासाठी?"

काका गेले आणि मी त्यांचा कप विसळला. नंतरचे दिवस मी दोन्ही बाजू तोलत राहिले. गप्प बसले असते तर बाबांचा लौकिक शाबूत राहिला असता आणि त्याच्या बळावर एक माणूस, त्यानं न केलेल्या खुनासाठी आत गेला असता. मला त्या माणसाची दया येत होती असं नाही. त्याचं तोंड बघायचीही माझी इच्छा नव्हती. पण बाबांचा प्रश्न दयेचा नसायचाच. चूक केवढी, एवढंच ते विचारायचे.

साक्षीच्या दिवशी टेबलावर मुद्देमालात टोपी ठेवलेली होती. कडेला चेपलेली. ब्रशनं साफ करावीशी वाटली.

सरकारी वकिलांनी आदल्या संध्याकाळबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं, सलाम पोचला तेही. मागे कुणीतरी हसलं. "आणि ते म्हणाले, रागाचं वेगळं कलम नसतं," मी म्हटलं. ते वाक्य वकिलांना नको होतं. ते घाईनं खाली बसले.

आरोपीच्या वकील एक तरुण बाई होत्या, सर्दीनं बेजार. नाक पुसत त्यांनी विचारलं, "घटनेच्या वेळी मयत हवालदारांनी टोपी उचलली का?"

"उचलली."

मी काकांकडे पाहिलं नाही.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. पोचलीस का, असा त्याचा अर्थ होता. आणि ते पुढे आले ते मला चष्मा द्यायला. तो त्यांच्या खिशात होता."

सरकारी वकील ताडकन उठले. "म्हणजे कर्तव्यावर असलेले हवालदार चौकात खासगी खुणा करत होते, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"आरोपीलाही?"

"ते मी पाहिलेलं नाही. त्या दिवशीची खूण माझी होती, हे मला माहीत आहे. त्याला ती त्याची वाटली असेल तर मला नवल वाटत नाही. मलाही ती फक्त माझीच वाटत होती."

आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. बोटांवर भट्टीच्या भाजल्याचे जुने डाग होते.

जाणूनबुजूनचं कलम गळलं. निष्काळजीपणाची शिक्षा झाली, तुरुंगवासही झाला. खूण दिसली तरी पुढे माणूस आहे की नाही हे बघायला हवं होतं, असं न्यायाधीश म्हणाले, आणि ते खरंच आहे. शिक्षा कमी झाली की बरोबर, हे लोक मला विचारतात. सकाळी जाग येते तेव्हा मला कुठलीच शिक्षा पुरेशी वाटत नाही. चहा होईपर्यंत ती थोडीफार पटते. तेवढ्यावर मी दिवस काढते.

निकालानंतर काका पायऱ्यांवर भेटले. "तो असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं," ते म्हणाले. "पण मला नाही आवडलं, पोरी." आणि ते निघून गेले. त्यानंतर ते घरी आलेले नाहीत. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात 'कर्तव्यकठोर' हा शब्द नव्हता.

कोर्टातून मी सरळ छापखान्याकडे निघाले. चौकात आता एक नवी शिपाई मुलगी उभी असते. उन्हानं लाल झालेली, शिट्टी जरा जास्तच वाजवणारी. एका मोटरवाल्यानं काच खाली करून तिला काहीतरी लागेलसं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं, हात आडवा केला आणि गाड्या थांबवल्या. पावाची गाडीही थांबली, आत दुसराच कुणी होता.

मी रस्ता ओलांडला. फुटपाथवर चढले आणि सवयीनं वळले. जिथे ते उभे असायचे तिथे ती मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी होती. चौकभर भोंगे वाजत होते. न्हावी दुकानाच्या दारात टॉवेल झटकत होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं असणार, कारण माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

"पोचले, बाबा."