तिसरी पिन

मित्रांनो, मी इस्त्री आहे. वजनाने भारी आणि वयाने त्याहून भारी. आजकालच्या इस्त्र्या फुलासारख्या हलक्या असतात, वाफाही सोडतात. मी मात्र आहे तशीच राहिले, लोखंडी अंगाची आणि काळ्या मुठीची. तरीही अजून रोज कामावर असते, याचे मला समाधान आहे. मध्यंतरी माझ्यावर भंगारात जाण्याची पाळी आली होती. ती कशी आली आणि कशी टळली, ते सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तापणारी तार बसवली आणि मागून सुती वेष्टणाची जाड वायर जोडली. त्या वायरीच्या आत तीन तारा होत्या. दोन तारांतून वीज ये-जा करायची. तिसरी माझ्या लोखंडी अंगाला बांधलेली होती. ती जोडणारी बाई शेजारणीला म्हणाली, "ही तिसरी एरवी नुसती बसून असते. पण आत काही बिघडलं ना, की वीज हिच्या वाटेने जमिनीत जाते. माणसाच्या अंगात शिरत नाही."

दुकानातून मला मावशींनी घरी आणले. मावशी घरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. गिऱ्हाइके त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणते. एका भिंतीला शिलाई मशीन, खिडकीशी कापडाचे तागे आणि मधोमध माझे टेबल. त्यावर जुनी घोंगडी अंथरून चादर ताणलेली असे. गावातल्या बँडपथकाचे गणवेश मावशी शिवत. त्यांच्या विजारींना मी अशी घडी घालत असे, की बँडमास्तर म्हणाले होते, "मावशी, या घडीवर सुरीला धार लावून घ्यावी!" त्या दिवशी मी जरा जास्तच तापले होते, हे खोटे कशाला सांगू?

मावशींचे यजमान म्हणजे आमचे काका. माणूस सोन्यासारखा, पण दुरुस्तीची भारी हौस. घरात काहीही मोडले, तुटले, फाटले, की काका चिकटपट्टी घेऊन हजर. गल्लीत त्यांना चिकटपट्टी काकाच म्हणत. टेबल खिडकीशी हलवले, तेव्हा वायर समोरच्या भिंतीतल्या बोर्डापर्यंत पोहोचेना. काकांनी कुठूनसा एक जुना लांब वायरीचा बोर्ड आणला. त्याला भोके दोनच आणि माझ्या प्लगला पिना तीन. काकांनी तिसऱ्या तारेची वरची जाड पिन करवतीने कापून टाकली.

"अहो, ती कशाला कापलीत?" मावशींनी विचारले.

"दोन पिनांवर तापतेय ना? मग तिसरीचं काय लोणचं घालायचंय?" काका म्हणाले.

मी तापत होते, हे खरेच. म्हणून मावशींनी पुढची विजार टेबलावर पसरली.

पुढे माझी वायर मानेपाशी झिजली. काम झाले की मी गरम असतानाच काका ती माझ्याभोवती करकचून गुंडाळत. त्यामुळे आतले रबर वितळून चिरले. बाहेरचे सूत विस्कटले, तेव्हा काकांनी पट्टी गुंडाळली. ती सुटली, की वर दुसरी. माझी मान गळपट्टा बांधल्यासारखी फुगली. अधूनमधून मावशींच्या बोटांना मुंग्या येत. त्या हसून म्हणत, "आज हिला माझा फारच लळा आलाय." तो लळा नव्हता, मित्रांनो. विजेला तिची वाट मिळत नव्हती, म्हणून ती दुसरी वाट शोधत होती.

एका सकाळी मावशींच्या सूनबाईंनी खोली पुसली. फरशी ओली आणि पाय अनवाणी. एक सदरा तातडीने द्यायचा होता, म्हणून त्यांनी बटण दाबून मला पुढे ओढले. बोर्डाची वायर टेबलाच्या पायात अडकली. हिसका बसून मी कडेवरून घसरले. मी पडू नये म्हणून सूनबाईंनी दुसऱ्या हाताने माझे अंग पकडले. आतली उघडी तार त्याच हिसक्याने माझ्या लोखंडाला टेकली होती.

त्यांचा हात माझ्यावर आवळला आणि सुटेना. तोंड उघडे होते, पण आवाज निघत नव्हता. मला सोडा, सोडा असे ओरडावेसे वाटत होते. पण मला कुठली जीभ!

"सूनबाई!" काका धावले आणि त्यांचा दंड धरायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" मावशी किंचाळल्या. "आधी बटण!"

काका जागीच थिजले. मावशींनी कापडाचा तागा ढकलला, तशाच भिंतीकडे झेपावल्या आणि खटका बंद केला. हात सुटला. सूनबाई खुर्चीत कोसळल्या, मी जमिनीवर आदळले.

काका त्यांना लगेच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि दुपारपर्यंत तिथेच झोपवून ठेवले. तळव्यावर भाजल्याची खूण सोडली तर सूनबाई सुखरूप होत्या. घरी आल्या आल्या काकांनी मला उचलले.

"भंगारात टाकतो हिला! माझ्या पोरीच्या जिवावर उठली!"

"बाबा, तिने काय केलं?" सूनबाई हळूच म्हणाल्या. "पिन तुम्ही कापलीत. मुंग्या येत होत्या, तर आम्ही हसलो. ती बिचारी नीट करून आणा. मीच करीन इस्त्री."

काकांनी मला परत टेबलावर ठेवले. पट्टीचे गुंडाळे त्यांनी स्वतःच्या हाताने केराच्या डब्यात टाकले.

दुरुस्तीवाल्याने मला उघडले. पोटातली तार शाबूत होती. त्याने नवी तीन तारांची वायर, मानेला नवी रबरी नळी आणि तीन पिनांचा प्लग बसवला. "पण काका, भिंतीतली तिसरी तार जोडलेली आहे का? नुसत्या पिनेला काय अर्थ?" त्याने विचारले. घरी येऊन पाहिले तर ती सुटून लोंबत होती. ती जोडली, शिवाय वीज गळताच प्रवाह तोडणारा खटकाही बसवला. दोन भोकांचा बोर्ड गेला आणि माझे टेबल भिंतीशी आले. सूनबाईंनी पायात चपला घातल्या, हात कोरडे केले आणि मला हातात घेतले. मग एक सदरा समोर पसरला.

परवा शेजारची वहिनी मला मागायला आली. "नेशील," मावशी म्हणाल्या, "पण आधी तुझा प्लगचा बोर्ड दाखव." आणि खरेच तिच्या घरी गेल्या. येताना तिच्या पाणी तापवायच्या किटलीची करपलेली वायर हातात धरून आल्या. मागोमाग वहिनी.

"मावशी, मी इस्त्री मागायला आले होते, तुम्ही तर माझं घरच तपासलंत!"

"इस्त्री माझी आहे गं," मावशी म्हणाल्या, "पण हात तुझे आहेत ना!"

मित्रांनो, वायर चिरली तर ती बदलून घ्या, झाकू नका. प्लग धरून काढा, वायर ओढू नका. ओल्या हातांनी आम्हाला शिवू नका. तुमच्या हातांची अशी काळजी करणारे कोणी घरात असेल, तर त्याचे ऐका. नसेल, तर आजपासून तो माणूस तुम्हीच व्हा.