शटरचे खांदे

सिंदीत तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, भरला होता. लाकडी बैलांच्या रांगेपाशी पुनाजी फिटर उभा होता, तेवढ्यात कापसाच्या जिनिंगमधला बंडूजी गर्दी फाडत आला. धापा टाकत म्हणाला, "चाल लवकर. तुही वयनी मोटारीच्या कोठ्यात कोंडली. शटर पडलं मागून. अन आतून धूर निघून राह्यला."

पुनाजी पळाला. हत्यारांची पिशवी जिनिंगच्या फाटकातच असते, ती त्याने पळता पळता उचलली.

हंगाम अजून तीन महिने लांब होता. यंत्रं गप्प होती, अंगणात गवत वाढलं होतं. फक्त कोठ्याच्या उंच, गजांच्या खिडकीतून राखाडी धूर निघत होता. घाई नसल्यासारखा, चुलीतून निघावा तसा. रूपराव मुकादम आणि चार गडी शटरपाशी उभे होते. दोघं शिडीवरून खिडकीत बादल्या ओतत होते, पण पाणी मोटारीच्या टपावरच पडत होतं. धूर होता मोटारीच्या मागे, कोपऱ्यात.

कोठा मुळात बैलांचा. पुनाजीचा थोरला भाऊ लहानू जिनिंगचा गाडीवान होता, तेव्हा इथे सहा बैल बांधलेले असत. मग मालकाने मोटार घेतली, बैल गेले, दाराच्या जागी लोखंडी शटर आलं. त्याच साली लहानूही गेला. त्याची बायको मनकर्णाबाई झाडूवाली म्हणून राहिली. भिंती त्याच, जमीन तीच, पण गव्हाणीच्या जागी पेट्रोलचा वास.

रूपराव म्हणाला, "बाईले जळका वास आला म्हणून ती आत गेली. मागून खाडकन आवाज झाला. वरची स्प्रिंगच तुटली."

पुनाजीने शटरकडे पाहिलं. शटर वाकडं होतं. डावी कड जमिनीपासून चार बोटं वर, उजवी जमिनीला टेकलेली.

"हे कोनं केलं?"

"आमी पाच जनांनी डाव्या कडीले धरून उपसलं," रूपराव म्हणाला. "चार बोटं उठलं अन अडकलं. आता ना वर जाते, ना खाली."

त्या चार बोटांच्या फटीतून एक हात बाहेर आला होता. पालथा, मातीवर टेकलेला. नखांत हळद होती. परवाच्या खांदशेकणीची हळद, अजून धुतली न गेलेली.

पुनाजी मातीवर आडवा झाला. फटीशी तोंड नेलं. आतून लोट आला, धुराचा आणि कसल्या तरी ओळखीच्या वासाचा.

"वयनी."

"आले का, भाऊजी?" लोकांसमोर ती त्याला भाऊजी म्हणे, घरात पुन्या. आवाज घोगरा होता, पण ठिकाणावर. "लोकं लई बोंबलून राह्यले. तुमी आले, बरं झालं."

"डोळे चुरचुरतात?"

"तुमच्या लग्नात कांदे चिरले होते, त्याहून कमी." मग खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

मागे साखळदंड वाजला. रूपरावाने शेजारच्या वाडीतून बैलजोडी आणवली होती. बैलांच्या शिंगांवर कालचा रंग अजून ओला वाटावा इतका ताजा होता.

"पोयाच्या दुसऱ्या दिवशी बैल जुपत नाईत, मुकादम," बंडूजी दबकत म्हणाला.

"आत माणूस मरून राह्यलं अन तू मले रीत शिकवतं? कडीले साखळी लाव. पत्राच उपटून काढू."

पुनाजी उठला नाही. पडल्या पडल्याच बोलला. "साखळी लावली तर पट्ट्या खाचेत आनखी आवळतीन. अन वरचा गुंडाळा सुटला तर पाच मन लोखंड खाली येते. त्याच्या खाली कोन हाय ते पाह्य."

रूपरावाने तो पिवळ्या नखांचा हात पाहिला. साखळी खाली टाकली.

"मंग तू सांग. आत मोटार हाय, टाकी भरेल हाय. भिंत फोडाव तं दोन हात जाड, तासभर जाईन."

पुनाजी उजव्या बाजूला गेला. शटरच्या दोन्ही कडा दोन लोखंडी खाचांत चालतात. डावी खाच मोकळी होती. उजव्या खाचेत त्याने बोट घातलं आणि बोट तिथेच चिकटलं. काळपट पिवळा, चिवट थर. नखाने खरवडला तर डिंकासारखा सुटला, त्यात रुईचे धागे रुतलेले.

जवसाचं तेल.

त्याला माहीत होतं. हेच तो इथवर पळत येताना मनात दाबत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघर बैलांचे खांदे शेकतात, हळद आणि तेल लावून मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची ती माफी असते. लहानू गेला, बैल गेले, पण त्या दिवशी मनकर्णाबाईचे हात रिकामे राहिनात. मग ती संध्याकाळी कोठ्यात येई आणि शटरचे दोन खांदे मळे. दोन्ही खाचा, वरपासून खालपर्यंत, घरच्या जवसाच्या तेलाने. उजवी जरा जास्तच, कारण लहानूचा पवळ्या बैल उजवीकडे बांधलेला असे. तीन वर्षं. पुनाजी दर वर्षी पाहत होता आणि हसून जात होता. जवसाचं तेल लोखंडावर वाळतं, वाळून चामडं होतं, हे फिटरला कोणी सांगावं लागत नाही. त्याने तिला सांगितलं नव्हतं.

आणि तेलाचे बोळे? ते ती कुठे टाकत असेल, हे त्याने विचारलंही नव्हतं.

"वयनी, परवाचे तेलाचे फडके कुठी टाकले?"

"मांगं. वाया गेलेल्या रुईच्या ढिगात. काऊन?"

"काई नाई. तू फटीपाशीच राह्य."

त्याने कंदील मागवला, त्यातलं रॉकेल वाटीत काढलं. रूपरावाने त्याचं मनगट धरलं.

"आगीपाशी मातीचं तेल? डोकं फिरलं का तुहं?"

"ओतत नाई. थेंब थेंब पिळतो. हे चामडं दुसऱ्या कशानंच सुटत नाई. हात सोड, मुकादम."

रूपरावाने हात सोडला. पुनाजीने चिंधी बुडवून खाचेत थेंब पिळले, वर पातळ पटाशी घातली आणि खरवडायला लागला. पिवळे पापुद्रे निघत होते. प्रत्येक पापुद्र्याबरोबर हळदीचा बारीक वास येत होता. बाहेर वाजंत्री रंगात आली होती, पोरांचा कल्ला इथवर ऐकू येत होता. कोणाचा तरी लाकडी बैल पहिला आला असावा.

खाच मोकळी झाली. आता पुढचं सांगायचं होतं.

"डावी कड आधी खाली आनावं लागते," तो म्हणाला.

गडी त्याच्याकडे बघत राहिले. बंडूजीने सरळ विचारलं, "खाली? बाई तिथूनच दम घेऊन राह्यली ना बापा."

"वाकडं शटर उचललं तर पुन्हा अडकते. सपाट करूनच उचलावं लागते. दोन्ही कडा संग, एका दमात. एक बोट मांगं-पुढं झालं तं सरलं."

तो परत आडवा झाला. हात त्या हातावर ठेवला. तो गरम होता, आणि बोटं मातीत रुतलेली होती.

"वयनी, हात आत घे."

"काऊन?"

"फट बंद करून राह्यलो. थोडा वेळ. मंग उघडतो."

मग ती हळूच म्हणाली, "पुन्या, फट बंद केली तं मले आंधार होईन."

लोकांसमोर पुन्या. त्याने तोंड फटीला आणखी टेकवलं.

"पदर ओला कर, पानी भेटलं तं. तोंडावर धर. जमिनीले तोंड लावून पड. अन दळनाच्या ओव्या म्हन. मोठ्यानं. तू थांबली नाई तोवर मले समजीन तू हाय. अन तुह्या ओवीच्या शेवटच्या शब्दावर आमी दोन्हीकून उचलू. ऐकून राह्यली ना?"

"आता दळन मांडू म्हनतं," ती म्हणाली. "तुले येडा म्हनत होते, ते खोटं नाई." आणि हात आत गेला. मातीवर पाच बोटांची खूण राहिली.

पुनाजीने वरून हातोडा घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्याला डावी कड खाली बसली. फट मिटली. शटर सपाट झालं आणि कोठा एका मोठ्या डब्यासारखा बंद झाला.

आतून, लोखंडामागून, ओवी आली.

"जात्याचा गं दादा, फिरे आपल्या नेमानं,
दळिते मी बाई, दाणा घालिते दमानं."

'दमानं'वर पुनाजीने डाव्या कडेखाली सब्बल, जड लोखंडी पहार, दाबली, उजव्या कडेखाली रूपरावाने. दोन्ही कडा मिळून दोन बोटं उठल्या. बंडूजीने दोन्हीकडे विटांचे तुकडे सारले. फटीतून धूर लोटला.

"पुन्हा," पुनाजी म्हणाला.

तिने तीच ओवी पुन्हा म्हटली. मधेच खोकली, पण शब्द सोडला नाही. आणखी दोन बोटं. मग दुसरी आली, थांबत थांबत.

"दळता दळता बाई, हात झाले लाल,
मांडीवर निजला माझ्या सासूचा धाकटा बाळ."

तो धाकटा बाळ पुनाजी होता. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पहाटे जात्यापाशी वहिनीच्या मांडीवर डोकं, वर घरघर, गालावर पिठाची धूळ. त्याने सब्बल दाबली. वीट सरकली. सहा बोटं.

तिसरी ओवी सुरू झाली. "सरलं दळन..." आणि थांबली.

बाहेरची वाजंत्री तेवढी ऐकू येत होती. रूपराव सब्बलीवर ओणवा, कपाळावरून घाम टपकत होता. त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर सब्बल हलली असती.

"पुनाजी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाई थांबली."

पुरुष जात्यावर बसत नाही, जात्याची ओवी पुरुषाच्या तोंडी येत नाही. पण दोन्ही कडा एका शब्दावर उचलायच्या होत्या, आणि तो शब्द कोणी तरी म्हणायला हवा होता. त्याने तोंड उघडलं. आवाज फाटका आला, सूर नव्हताच. पण शब्द त्याला हाडातून माहीत होते.

"सरलं दळन, पीठ भरिते मी पाटीत,
उजेड आला बाई, उभा दाराच्या चौकटीत."

गडी हसले नाहीत. 'चौकटीत'वर दोन्ही सब्बली एकदम दबल्या. वीट. त्याने पुन्हा म्हटली. वीट. तिसऱ्यांदा म्हणताना रूपरावही ओठ हलवत होता.

वीतभराहून मोठी फट झाली. पुनाजी पालथा सरपटत आत घुसला, खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत. धुरात काही दिसेना. हाताला ओला पदर लागला, मग एक पाय. त्याने तो धरला आणि ओरडायचं ठरवलं, पण फक्त खोकला आला. बंडूजीने त्याचे पाय धरून ओढले. दोघं एकामागून एक उजेडात आले.

मनकर्णाबाई गवतावर पडून होती. तोंड काळं, डोळे मिटलेले. रूपरावाने तिच्यावर बादली उपडी केली. ती आधी कण्हली, मग खोकली, मग इतकी खोकली की पुनाजीला रडू आलं.

डोळे उघडून ती पहिलं बोलली ते असं. "कोन ओवी म्हनत होतं ते? सूर तं गाढवाचा होता."

"मुकादम," पुनाजी म्हणाला.

रूपराव विळे आणि बादल्या घेऊन गड्यांबरोबर आत सरपटला. त्यांनी धुमसणारी रुई ओढून बाहेर काढली. ढिगाच्या पोटात तेलाच्या फडक्यांचा गोळा होता, काळा, हात लावू देईना इतका तापलेला. वर कोणी विडी टाकली नव्हती, ठिणगी पडली नव्हती. तेल प्यायलेली चिंधी आपसूक तापली होती.

दिवस कलला तेव्हा पुनाजी शिडीवर बसून उजवी खाच शेवटपर्यंत खरवडत होता. मनकर्णाबाई खाली, चादर गुंडाळून. घरी जा म्हटलं तरी गेली नव्हती. पापुद्रे तिच्या पायाशी पडत होते. तिने एक उचलला, नाकाशी नेला.

"हे माह्यंच तेल ना?"

पुनाजीची पटाशी थांबली. खोटं बोलता आलं असतं.

"तुहंच."

"तुले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. जवसाचं तेल वाळून धरते. फडके तापतात हे ध्यानात नोतं, पन धरते हे ठाऊक होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तो शिडीवरून उतरला. तिच्या समोर उकिडवा बसला. "तू खांदे मळत होती तवा तुहं तोंड... दादा असताना होतं, तसं राह्यत होतं. वर्षातून एक दिवस. म्हटलं, राहू दे."

मनकर्णाबाईने तो पापुद्रा बोटांत चुरला. गावातून लाकडी बैल ओढत पोरं घरी चालली होती, चाकांची कुरकुर येत होती.

"पुढच्या पोयाले कोनतं तेल लावू?" तिने विचारलं.

"तेल लावूच नको. कोरड्या फडक्यानं पुसून घेजो."

"अन खांद?"

पुनाजीने शटरकडे पाहिलं. विटांवर तोललेलं, तुटक्या स्प्रिंगचं, जू उतरवून उभ्या राहिलेल्या जनावरासारखं.

"खांद्यावर नुसता हात ठेवजो," तो म्हणाला.