समुद्रातल्या चपट्या कृमीची काचपट्टी

मित्रांनो, तासगावच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या लाकडी पेटीत वीस वर्षे उभी आहे ती मी, एक जुनी काचपट्टी. माझ्या पोटात समुद्रातल्या चपट्या कृमीच्या अंगाचा केसाहून पातळ काप आहे.

कोकणच्या सहलीत आमच्या कॉलेजच्या नाथाजी सरांनी त्या कृमीला खडकावरून खरवडून काढले. आधी त्याला गुंगी द्यायची असते. पण एसटी सुटायची वेळ झाली होती. सरांनी प्राणी टिकवायचे कढत औषध तसेच ओतले. तो पिळवटला, स्नायू आखडले, वरचा थर फाटला. या थरातल्या पेशींत बारीक काड्या असतात. शत्रू आला की कृमी त्या बाहेर फेकतो आणि त्यांचा चिकट लेप होतो. त्याने होत्या तेवढ्या सगळ्या फेकल्या. मग त्याला मेणात गाडले, पात्याने कापले, रंगवले.

पुढे मुले मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि चित्र मात्र पुस्तकातले काढत. बाहेर केसाळ पेशी, त्यांत भरगच्च काड्या, खाली गोल, तिरपे, उभे स्नायू. सगळ्यांना पैकीच्या पैकी!

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेत वडूजच्या समीक्षाने दिसले तेच काढले. फाटका थर, रिकामे खड्डे.

बाहेरून आलेले परीक्षक खेकसले, "काड्या कुठायत? वडूजला विसरलीस?"

"न्हाईत सर ह्यात. तुमीच बघा की."

"मला शिकवतेस? नापास!" त्यांनी पान टराटरा फाडले. तावातावाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मोठे भिंग खाली रेटतच राहिले. कड्! ते माझ्यात घुसले. मी आरपार तडकले. समीक्षाला हुंदका आवरेना.

"थांबा साहेब!" नाथाजी सर पुढे आले. "पोरीचं बरोबर हाय. त्या किड्याला मीच जिता भाजलाय. त्याच्या काड्या माझ्या बोटांना चिकटल्या होत्या. आजवर बोललो न्हाई."

परीक्षकांनी मला हलकेच सरकवले. कापाची एक कड शाबूत होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "काढ परत. असंच."

समीक्षा पास झाली. मी आता फुटकी आहे. पण मित्रांनो, पुस्तक उघडण्याआधी आमच्याकडे एकदा नीट बघत जा. आमच्यावर काय गुदरले, ते पुस्तकाला ठाऊक नसते.