एका म्हशीचं दूध

जोतीराम गवळ्यानं बायकोचं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि तो माझ्या दारात म्हशीखाली धार काढायला बसला. मिशाळ गडी आणि वर पदर! एरवी गल्ली हसून लोळली असती. पण सत्तावन्न सालच्या त्या आषाढात हसायला बाहेर होतं कोण? घरटी दोघं-तिघं फ्लूनं अंथरुणात होती. शाळा बंद होत्या आणि आमच्या कचेरीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

चंद्री म्हशीनं लुगडं हुंगलं, लाथ झाडली आणि चरवी गटारात गेली.

"वळखलं रांडंनं," जोतीराम म्हणाला. "पंत, न्हाय द्यायची ही. हिला माज्या धोंडीचाच हात लागतोय."

"आणि धोंडुबाई?"

"कालपास्नं तापलीय. मान उचलंना." पदर काढून त्यानं तोंड पुसलं. "गंगावेशीत सयाजीची म्हस हाय. तिचं आणून देऊ काय?"

"नको," मी म्हणालो.

आतून मीनाक्षीनं ऐकलं. तिलाही चार दिवस ताप होता आणि डॉक्टरांनी आमच्या चार महिन्यांच्या कुंदाला तिच्याजवळ न्यायलाच बंदी केली होती. "मिळेल ते आणा हो," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "रात्रीपासून पोटात साखरपाण्याशिवाय काही नाही तिच्या."

"तू गप्प पड," मी ओरडलो.

ओरडलो, कारण मी घाबरलो होतो. आमचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन हगवणीनं गेला. तेव्हा सुइणीनं सांगितलं होतं, दहा जनावरांचं दूध पाजलंत, म्हणून गेला. तेव्हापासून एका म्हशीचं दूध हा माझा धर्म झाला होता. कुंदाला चंद्रीचं दूध सोसत होतं. मी ते का बदलू?

कुंदाला टॉवेलात गुंडाळून मी चंद्रीला परत नेणाऱ्या जोतीरामच्या मागोमाग निघालो. तिला नेण्याचं काही कारण नव्हतं. शेजारच्या काकूंकडे ठेवता आली असती. पण रडणारं मूल समोर दिसलं की धोंडुबाई उठेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही.

गोठ्यालगतच्या खोलीत धोंडुबाई घोंगडीवर पडली होती. श्वास घेताना छाती वाजत होती. तिचा दोन वर्षांचा केरबा आईच्या पायाशी बसून शिळी भाकरी चघळत होता. कुंदानं टाहो फोडला तशी धोंडुबाईनं डोळे उघडले.

"भुकावलंय व्हय लेकरू?"

"कालपासून," मी म्हणालो.

"निजून ऱ्हा गं," जोतीराम म्हणाला. "पंत, मरंल की वो ती!"

मी कुंदाला उगी करण्याचा प्रयत्न केला नाही.

धोंडुबाई भिंतीला धरून उठली. मी पुढं झालो तर तिनं हात आडवा केला. "लांब धरा पोरीला. माजा ताप लागंल." मग ती गोठ्यात जाऊन चंद्रीच्या अंगाला कपाळ टेकून खाली बसली. जोतीरामनं मागून तिचे खांदे धरले. म्हशीनं पान्हा सोडला. मी चरवीकडं बघत होतो. धोंडुबाईच्या तोंडाकडं बघायचं मी टाळलं.

असं चार दिवस चाललं. रोज सकाळी मी जायचो आणि रोज ती उठायची. चौथ्या दिवशी तिला दोघांनी धरून बसवावं लागलं. त्या दोघांतला एक मी होतो. तिचं अंग तव्यासारखं भाजत होतं. पावशेरभर दूध निघालं. ते घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आलो.

पाचव्या दिवशी धोंडुबाई गेली. फ्लू छातीत उतरला, असं लोक म्हणाले. मीनाक्षीचा ताप त्याच दिवशी उतरला, पण तिचं दूध आटलं होतं. चंद्रीनं कुणालाच जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम दारात उभा. मिशा उतरवलेल्या. हातात चरवी.

"सयाजीच्या म्हशीचं हाय," तो म्हणाला. "चालतंय का बगा. लेकरू उपाशी नगं."

मी चरवी घेतली. दूध उकळलं, पाणी घातलं, गाळलं. कुंदानं शेवटच्या चमच्यापर्यंत सगळं गटागटा संपवलं आणि आणखी हवं म्हणून पाय झाडले. मग ती झोपली. मी दिवसभर तिच्याजवळ बसून होतो. दर तासाला दुपटं उलगडून पाहत होतो. पोट मऊ होतं. संध्याकाळी जागी होऊन ती मीनाक्षीच्या बांगड्यांशी खेळू लागली. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

दिवेलागणीला जोतीराम चरवी न्यायला आला. केरबा त्याच्या काखेत झोपला होता.

"सोसलं काय पोरीला?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. नाही सोसलं म्हणावं, उलट्या झाल्या म्हणावं.

"सोसलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. उंबऱ्यापाशी थांबून त्यानं केरबाकडं बघितलं, आत खेळणाऱ्या कुंदाकडं बघितलं, काहीतरी जुळवत असल्यासारखं. मग रिकामी चरवी उचलली.

"बरं झालं," तो म्हणाला. "मग उद्याबी त्येच आणतो."