गिअर कशानं घासतोय

गिअर बदलताना माझ्या मारुतीतून खर्रर्र आवाज यायचा. गाडी अठ्ठावीस वर्षांची, मी एकोणऐंशीचा. दर शनिवारी मी तिनंच कुहीपलीकडच्या एका शाळेत गणित शिकवायला जातो. एसटी फाट्यावर सोडते, तिथून रिक्षा मिळत नाही. पुढचे तीन किलोमीटर माझ्या डाव्या गुडघ्याला झेपत नाहीत. बायको, नीला, गेल्यापासून माझी कुणी वाट पाहावी असं तेवढं एकच ठिकाण उरलं आहे.

लकडगंजला प्रेमानंदचं गॅरेज आहे. तो माझा जुना विद्यार्थी. महिनाभरात मी त्याच्याकडे तिसऱ्यांदा गेलो होतो. आधी त्यानं गिअरबॉक्सचं तेल बदललं, मग क्लचची केबल आवळली.

"जुनी गाडी हाय सर. आवाज करनारच."

"वय हे कारण नाही. कारण सांग."

"घ्या! अजून परीक्षाच घेऊन राहिले तुमी," तो हसला.

वर्गात सांगायचो तसंच मी ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले, मुकाट पडले. मग इंजिन सुरू करून मी एक चक्कर मारली. खर्रर्र. तोच रस्ता, तोच वेग, पण आता प्रेमानंद चालवायला बसला. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. आवाज नाही.

"पुन्हा," मी म्हणालो.

पुन्हाही नाही. बदलला होता तो फक्त चालवणारा.

"तुला हे केव्हापासून माहीत होतं?"

त्यानं गाडी कडेला घेतली. "पयल्याच दिवशी समजलं. तुमचा पाय पुरा खाली जात नाही सर. क्लच अर्धाच दबते, म्हनून गिअर घासते."

"मग सांगितलं काहून नाही गा?"

"तुमची चूक मी काढू?" तो स्टिअरिंगकडे पाहत म्हणाला. "म्हटलं तेल बदलतो. तुमाले बरं वाटन."

मी पुन्हा चालवायला बसलो. सीट पुढे घेतली, तर गुडघा जास्तच दुमडला. डाव्या हातानं गुडघा खाली रेटला. क्लच पूर्ण दबला. पण मग गिअर टाकायला हात उरेना. हे पाहून आम्ही दोघंही हसलो. आधी तो थांबला.

"शनिवारी मी सोडून देत जाईन, सर."

"शनिवारी तुझ्या दारात दहा गाड्या असतात. नको."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी किल्ली त्याच्याकडे दिली, रिक्षानं घरी आलो आणि शाळेच्या मुख्याध्यापिका मेघाताईंना फोन लावला.

"या शनिवारी जमणार नाही, ताई."

"काहून सर? गाडी बिघडली का?"

"गाडी ठीक आहे."

"मग पुढच्या शनिवारी?"

त्यांच्या मागे मुलांचा कलकलाट चालला होता. कुठला आवाज कुणाचा, ते ओळखू येतं का पाहिलं. नाही आलं.

"अपूर्णांकांची बेरीज चालू आहे," मी म्हणालो. "छेद सारखे करताना अजून चुकतात. तुम्ही हळूहळू घ्या. रागावू नका त्यांच्यावर."