कोऱ्या नळीतली वाढ

कोऱ्या नळीत जंतू वाढले होते. त्या नळीत कुणाचाही बेडका नव्हता. नुसतं प्रयोगशाळेचं पाणी आणि रसायनं. ती रिकामी राहायला हवी होती. विभाने तपासणीची पट्टी लावली, तर पट्टीवर गॉर्डोनी जंतूच्या रेषा उमटल्या. क्षयाच्या जंतूचा हा लांबचा भाऊबंद. नळाच्या पाण्यात राहतो, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही.

याच रेषा रामसजीवन नावाच्या रुग्णाच्या दोन्ही नमुन्यांत आल्या होत्या.

नियम साधा आहे. रुग्णांच्या नळ्यांबरोबर दर खेपेला एक कोरी नळी लावायची, म्हणजे आपलीच घाण आपल्याला दिसते. पण मशीनमध्ये जागा कमी, नमुने ढीगभर. म्हणून कोरीची जागा रुग्णाला द्यायची ही इथली चाल, आणि वर तिला सेवा म्हणायचं. या खेपेला कोरी लागली ती एक जागा उरली म्हणून. त्यात डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बिघडलं, तेव्हा विभाने नमुन्यांत घालायचं बफर द्रावण कूलरच्या पाण्यात कालवलं. पीएचडी झालेली बाई. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला कंटाळा आला होता.

रामसजीवन अमौसीला विमानतळावर सामानाचा ट्रॅक्टर चालवायचा. छातीत जुना डाग, खोकला, त्यात हे दोन रिपोर्ट. ओपीडीने औषधं सुरू केली. त्यातल्या एका गोळीने त्याला लाल आणि हिरवं सारखंच दिसू लागलं. कंपनीने अनफिट ठरवून घरी बसवलं. आज तो बाहेर बाकावर बसला होता.

"एवढं काय तोंड पाडून बसलीस, यार?" प्रमुख नरहर देवस्थळी म्हणाले. अख्ख्या विभागात मराठी हे दोघंच. "ओपीडीला मी फोन करतो, गोळ्या आजच बंद. त्याला सांग, कोर्स पूरा झाला, बधाई हो."

"बधाई?"

"मग काय, आमचं पाणी घाण होतं म्हणून सांगणार? बाकीचे रिपोर्टही उघडावे लागतील."

"लागतीलच, सर."

"त्यांच्यावर सही कुणाची आहे? तुझी. बघ बाई."

तिने बघितलं. आणि कॉरिडॉरमधून जाताना ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोकलंसुद्धा. बधाई हो, रामसजीवन जी. चांगलं जमत होतं.

तो उठून उभा राहिला. "नमस्ते मैडम. अब साफ है ना सब?"

"हाँ," विभा म्हणाली.

त्याने हात जोडले. "आपने बचा लिया. घर में हमारी थाली अलग कर दी थी. बिटिया को पास नहीं आने देते थे." आणि तो तिच्या पायांशी वाकू लागला.

ती चटका बसल्यासारखी मागे सरली. "नको, नको! मतलब... आपको वो बीमारी थी ही नहीं. हमारे पानी में थी. मैंने गंदा पानी मिलाया."

त्याला कळेना. तिने परत सांगितलं, मोठ्याने. बाकावरची माणसं वळून बघू लागली.

"तो आँख?"

"दवा से. दवा हमारी गलती से मिली."

"लौटेगी?"

"अक्सर लौटती है. पक्का नहीं कह सकती."

त्याने शिव्या द्याव्यात म्हणून ती वाट बघत होती. शिव्या खाल्ल्या की सुटल्यासारखं वाटतं, आपल्यासारख्या लोकांना ते बरं जमतं. तो शिव्या देईना. जोडलेले हात त्याने सावकाश खाली घेतले.

"ये सब लिखकर दीजिए. हिंदी में. गेट का गार्ड हमको अंधा कहता है, वो भी पढ़े."

ती आत गेली. नरहर सरांचा हात लेटरहेडच्या गठ्ठ्यावर होता. "साध्या कागदावर दे," ते हळूच म्हणाले. तिने त्यांच्या हाताखालचा कागद ओढला, तो कोपऱ्यात फाटला. तसाच घेऊन ती बाहेर आली.

खिडकीच्या कट्ट्यावर उभ्याने लिहिलं. हिंदी लिहायची सवय गेलेली, दूषितमधला दू ऱ्हस्व की दीर्घ तेही तिला आठवेना. रामसजीवन शेजारी उभा राहून बघत होता. तिने बसा म्हटलं, तो बसला नाही. सही केली तेव्हा तिचे कान तापले होते. कागद घेऊन त्याने तिच्यासमोरच तो सगळा वाचला आणि निघून गेला.

बाकावरची एक म्हातारी उठली. हातात त्याच प्रयोगशाळेचा लिफाफा.

"बिटिया, हमारा भी उसी पानी से हुआ था?"

विभाला तिच्याकडे बघवेना. "नाम बताइए, अम्मा," ती म्हणाली.